दोन स्वरांचा बेडूक

बेडूक म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे कोणते चित्र उभे राहते? मृगाच्या सरी पडून गेल्या आहेत, शेताच्या कडेला डबके साचले आहे, त्यात रात्रभर ‘डराव डराव’ चालले आहे आणि काही दिवसांनी त्याच डबक्यात काळी, शेपटीवाली, चिमुकली पिल्ले वळवळू लागली आहेत. ही पिल्ले म्हणजे बेडूकमासे. पुढे त्यांना पाय फुटतात, शेपूट जिरते आणि छोटा बेडूक पाण्याबाहेर येतो. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीतही तुम्ही हेच पाहिलेले असते.

आज ज्या बेडकाची ओळख करून घ्यायची आहे तो मात्र या चित्रात कोठेच बसत नाही. तो डबक्याकडे फिरकत नाही. पोहण्यासाठी लागणारे पडदे त्याच्या बोटांमध्ये नसतात. त्याच्या पिल्लांना बेडूकमासा ही मोकळी पोहणारी अवस्थाच नसते. आणि तो ‘डराव’ही म्हणत नाही. ‘को-की, को-की’ अशी दोन स्वरांची शीळ तो रात्रभर घालतो. या शिळेवरून लोकांनी त्याचे नावच ‘कोकी’ ठेवले आहे. आपल्याकडे कोकिळेला जसे तिच्या आवाजावरून नाव मिळाले, तसेच हे.

शास्त्रज्ञांच्या दप्तरात त्याचे नाव ‘एल्युथेरोडॅक्टिलस कोकी’ असे आहे. रिचर्ड टॉमस यांनी १९६६ साली ते दिले. पहिल्या लांबलचक शब्दाचा ग्रीक अर्थ ‘मोकळ्या बोटांचा’. बोटांमध्ये पडदे नाहीत, म्हणून मोकळी बोटे! त्या बोटांच्या टोकांना चपट्या गाद्या असतात. त्यांच्या आधाराने तो ओल्या पानावर आणि उभ्या खोडावर सहज चढतो. रंग मातकट तपकिरी. नराची लांबी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास, मादी त्याहून थोडी मोठी. म्हणजे गायक तुमच्या अंगठ्याच्या दोन पेरांएवढा.

भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने बेडकावर लेख का लिहावा, असे तुमच्यापैकी एखाद्याला वाटेल. त्याचे कारण असे की या बेडकाचे सारे आयुष्य तापमान, आर्द्रता, बाष्पीभवन, कंपनसंख्या या आपल्याच पुस्तकातल्या राशींवर उभे आहे. प्राण्याचे नैसर्गिक घर म्हणजे केवळ नकाशावरचा एक ठिपका नव्हे. या राशींच्या ज्या मर्यादेत त्याचे शरीर घडले, त्या मर्यादा म्हणजे त्याचे घर. हे कसे, ते आता पाहू.

बेट आणि त्यावरचे जंगल

कोकीचे मूळ घर जगात एकच आहे: कॅरिबियन समुद्रातले प्वेर्तो रिको हे बेट. ते अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या ताब्यात असले तरी तेथील लोकांची भाषा मुख्यतः स्पॅनिश आहे. क्षेत्रफळ सुमारे ९ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यापेक्षा थोडे अधिक. नकाशा उघडून त्याची राजधानी सान हुआन शोधा आणि तेथून अक्षवृत्तावर बोट ठेवून पूर्वेकडे सरकत या. अटलांटिक महासागर, आफ्रिका खंड आणि अरबी समुद्र ओलांडला की बोट जवळजवळ पुण्यावरच येऊन थांबेल! दोन्ही शहरे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहेत. डोक्यावरचा सूर्य सारखाच; पण पावसाची तऱ्हा मात्र निराळी.

आपल्याकडे नैऋत्य मोसमी वारे चार महिने सह्याद्रीवर आदळतात. प्वेर्तो रिकोवर पूर्वेकडून व्यापारी वारे वर्षभर वाहतात. समुद्रावरून बाष्प घेऊन आलेली ही हवा बेटाच्या ईशान्येकडील लुकीयो डोंगरांना अडते आणि वर चढते. वर चढली की ती प्रसरण पावते, थंड होते आणि बाष्पाचे थेंब होतात. महाबळेश्वरला भरपूर पाऊस आणि पूर्वेकडे वाईपासून पुढे तो झपाट्याने कमी, हे कोडे तुम्ही भूगोलात सोडवले आहे. प्वेर्तो रिकोतही तसेच आहे. ईशान्येचे डोंगर चिंब आणि नैऋत्येचा किनारा इतका कोरडा की तेथे निवडुंग वाढतात.

या लुकीयो डोंगरांवरच एल युंके नावाचे वर्षावन आहे. डोंगरांची उंची हजार मीटरच्या थोडी वर, म्हणजे आपल्या हरिश्चंद्रगडापेक्षाही कमी. पण उंच भागात वर्षाला चार मीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो वर्षाच्या बाराही महिन्यांत विभागलेला असतो. आंबोलीला याहून जास्त पाऊस पडतो खरा, पण तो जूनपासून चार महिन्यांत. नंतर जमीन तापते आणि ओढे आटतात. एल युंकेत असा लांब कोरडा काळ सहसा येत नाही. शेवाळ, नेचे, ताडाची झाडे आणि खाली ओल्या पाचोळ्याचा थर. कोकी समुद्रकिनाऱ्यापासून शिखरापर्यंत आणि गावातल्या बागांतही राहतो, पण त्याचे खरे राज्य या जंगलात.

दोन स्वर, दोन निरोप

सूर्य मावळला की कोकीचे नर आपापल्या पानावर किंवा खोडावर बसून शीळ घालू लागतात. माद्या अशी शीळ घालत नाहीत. ‘को’ हा पहिला स्वर एका पट्टीत स्थिर असतो. त्याची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ११६० आणि तो टिकतो सेकंदाच्या दहाव्या भागाएवढाच. ‘की’ हा दुसरा स्वर मात्र खालून वर चढत जातो, सुमारे १८०० पासून २१०० कंपनांपर्यंत. गवयी ज्याला मींड म्हणतात तशीच ही छोटीशी मींड.

एकाच शिळेत दोन स्वर कशासाठी? पीटर नॅरिन्स आणि रॉबर्ट कॅप्रानिका या दोघा शास्त्रज्ञांनी यावर सुंदर प्रयोग केले आणि १९७६ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यांनी ध्वनिमुद्रित शीळ ध्वनिक्षेपकातून जंगलात ऐकवली. कधी पूर्ण, कधी नुसता ‘को’, कधी नुसता ‘की’. नरांनी ‘को’ ला उत्तर दिले. नुसत्या ‘की’ कडे त्यांनी फारसे लक्ष दिले नाही. माद्या मात्र ‘की’ च्या दिशेने वळल्या. म्हणजे एका पाकिटात दोन पत्रे! ‘को’ चा अर्थ दुसऱ्या नराला: “ही जागा माझी आहे, दूर राहा.” ‘की’ चा अर्थ मादीला: “मी येथे आहे, इकडे ये.” दुसरा नर फारच जवळ आला तर मालक ‘की’ गाळून टाकतो आणि ‘को, को, को’ असा नुसता दम भरतो. भांडणाच्या वेळी निमंत्रण कशाला हवे?

याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंतील विद्युत्‌संदेश मोजले तेव्हा असे आढळले की नर आणि मादी यांचे कान एकसारखे नाहीत. नराचा कान ‘को’ च्या पट्टीला अधिक जागा आणि मादीचा कान ‘की’ च्या पट्टीला. रेडिओची खुंटी फिरवून आपण एक केंद्र लावतो, तेव्हा बाकीची केंद्रे ऐकू येत नाहीत. येथे निसर्गाने एकाच जातीच्या नरमाद्यांच्या खुंट्या वेगवेगळ्या केंद्रांवर लावून ठेवल्या आहेत.

एवढ्याशा जिवाचा एवढा आवाज

अर्ध्या मीटरवरून मोजले तर कोकीच्या शिळेची पातळी ९० ते १०० डेसिबल भरते. गर्दीच्या रस्त्यावरच्या गोंगाटालाही ती मागे टाकते. साडेतीन सेंटिमीटरच्या बेडकाला हे कसे साधते?

आधी एक अडचण समजून घेऊ. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला तर ‘को’ ची तरंगलांबी ३४५ भागिले ११६०, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर येते. ‘की’ ची येते १७ सेंटिमीटरच्या आसपास. ज्या वस्तूचा आकार तरंगलांबीपेक्षा फार लहान असतो, तिला ती लहर हवेत फेकणे जड जाते. तंबोऱ्याची नुसती तार छेडली तर आवाज क्षीण येतो. तीच तार भोपळ्यावर ताणली की आवाज सारी खोली भरून टाकतो. कारण भोपळ्याचा मोठा पृष्ठभाग हवेला हलवतो. कोकीचा भोपळा म्हणजे त्याच्या गळ्याखालची स्वरपिशवी. फुप्फुसातली हवा स्वरयंत्रातून या पिशवीत जाते, ती फुग्यासारखी ताणली जाते आणि तिचे पातळ कातडे आवाज चोहीकडे फेकते.

यातून आणखी एक नियम निघतो, तो लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे. लहान बेडकाचे स्वरयंत्रही लहान, म्हणून त्याचा आवाज चढ्या पट्टीतला. मोठ्या बेडकाचा आवाज खालच्या पट्टीतला. सतार आणि तंबोरा शेजारी ठेवून पाहिले तरी हा फरक कळेल.

आवाज दूर जाताना किती कमी होतो? मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झाले की तीव्रता एकचतुर्थांश होते, म्हणजे पातळी ६ डेसिबलने उतरते. अर्ध्या मीटरवर ९० असेल तर १ मीटरवर ८४, २ मीटरवर ७८, ४ मीटरवर ७२ आणि ८ मीटरवर ६६. जंगलात पानांमुळे ती याहून थोडी अधिक उतरते. पण शेजारचा नर काही मीटरवरच बसलेला असतो. त्याच्याकडून आपल्याकडे बोलण्याइतका मोठा आवाज येतच राहतो, आणि तेवढ्यावरून दोघांची हद्द ठरते.

ओल्या रुमालाचा प्रयोग

आता कोकीच्या सर्वांत मोठ्या काळजीकडे वळू. ती काळजी म्हणजे पाणी.

बेडकाचे कातडे आपल्यासारखे जलरोधक नसते. त्यातून पाणी आत येते तसेच बाहेरही जाते. बेडूक म्हणजे जणू चालताफिरता ओला रुमाल. साधा बेडूक वाळू लागला तर डबक्यात उडी मारील. कोकीला डबके नाही. मग तो काय करतो?

एक प्रयोग करून पाहा. सारख्या मापाचे तीन रुमाल सारख्याच पाण्यात भिजवून पिळा. एक दोरीवर पसरून घाला. दुसऱ्याची घट्ट घडी करून ताटलीत ठेवा. तिसरा पसरूनच, पण झाकणाच्या डब्यात ठेवा. दोन तासांनी पाहिलेत तर पहिला वाळलेला, दुसरा आतून ओला आणि तिसरा जवळजवळ होता तसाच सापडेल. पृष्ठभाग कमी केला की बाष्पीभवन कमी होते. आणि भोवतालची हवा बाष्पाने भरलेली असली की पृष्ठभाग मोठा असूनही ते मंदावते.

कोकीला या दोन्ही युक्त्या माहीत आहेत. हवा कोरडी असली की तो अंग पानाला चिकटवून बसतो, हनुवटी खाली टेकवतो, पाय पोटाखाली ओढून घेतो. हा झाला घडी केलेला रुमाल. अशा रात्री पुष्कळ नर शीळही घालत नाहीत. कारण शीळ घालायची तर उठून बसावे लागते, पिशवी फुगवावी लागते, म्हणजे रुमाल पसरावा लागतो. पाऊस पडून गेला की सगळे अंग मोकळे करून बसतात आणि जंगल शिळांनी भरून जाते. आणि तिसऱ्या रुमालाचा झाकणबंद डबा? ते म्हणजे हे वर्षावनच.

लहान आकार ही येथे मोठी अडचण असते. सारख्याच घडणीच्या दोन बेडकांत एकाची लांबी दुसऱ्याच्या निम्मी असेल, तर त्याचे पृष्ठफळ एकचतुर्थांश असते, पण घनफळ एकअष्टमांश. म्हणजे शरीरातल्या प्रत्येक थेंबामागे वाळण्यासाठी दुप्पट पृष्ठभाग. कोकीचे नुकते जन्मलेले पिल्लू जेमतेम ६-७ मिलिमीटरचे असते. आईच्या मानाने त्याला हा धोका सहापट असतो, हे तुम्ही स्वतः आकडेमोड करून पाहू शकाल.

संध्याकाळी वर, पहाटे खाली

दिवसा कोकी पाचोळ्यात, गुंडाळलेल्या पानात नाहीतर खोडाच्या भेगेत दडून असतो. ओली रात्र आली की त्यांतले पुष्कळसे खोडावरून झाडाच्या शेंड्याकडे चढू लागतात. का? रात्रीचे गणित पाहा. ३० अंश सेल्सियसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. २० अंशांना सुमारे १७ ग्रॅम. समजा, दुपारी शेंड्यावर तापमान ३० अंश आहे आणि हवेत १७ ग्रॅम बाष्प आहे. मग सापेक्ष आर्द्रता सुमारे ५७ टक्के झाली. तेवढ्याच बाष्पाची हवा रात्री २० अंशांपर्यंत थंड झाली तर आर्द्रता १०० टक्क्यांवर जाते. म्हणजे दिवसा जो शेंडा बेडकाला भट्टी होता, तोच रात्री ओलसर जेवणघर होतो. तेथे किडे भरपूर असतात.

पहाट होऊ लागली की परत खाली यायला हवे. खोडावर मोठे कोळी आणि इतर शिकारी टपून असतात. मार्गरेट स्टुअर्ट या संशोधिकेने १९८५ मध्ये नोंदवले की हे बेडूक खोडावरून उतरत बसत नाहीत. हातपाय पसरून सरळ खाली उडी घेतात! इतक्या उंचीवरून पडून ते मरत कसे नाहीत? पुन्हा तोच नियम. लहान शरीराला वजनाच्या मानाने पृष्ठभाग मोठा. हवेचा विरोध पृष्ठभागावर अवलंबून, खाली ओढणारे बल वजनावर. त्यामुळे लहान प्राण्याचा पडण्याचा वेग लवकरच एका लहानशा मर्यादेला पोचतो आणि त्यापुढे वाढत नाही. जो नियम पाण्याच्या बाबतीत कोकीच्या मुळावर येतो, तोच उडीच्या वेळी त्याला तारतो.

घरी बसणारा बाप

डबके नाही, मग अंडी कोठे घालायची? मादी सुमारे २५ ते ३० अंडी सुकून गुंडाळलेल्या पानात किंवा ताडाच्या देठाच्या पोकळीत घालते आणि निघून जाते. पुढची जबाबदारी नराची. तो अडीच-तीन आठवडे अंड्यांवर बसून राहतो. हे बसणे कोंबडीसारखे ऊब देण्यासाठी नसते. तो आपल्या कातडीतले पाणी अंड्यांना पुरवतो. बाप बाहेर भिजून येतो आणि अंडी ओली ठेवतो. शिवाय दुसरे कोकी ही अंडी खायला येतात. त्यांना तो हाकलून लावतो. संशोधकांनी काही घरट्यांतून नराला उचलून बाजूला केले, तेव्हा त्यांतली बहुतेक अंडी वाळून गेली नाहीतर खाल्ली गेली.

बेडूकमाशाची अवस्था संपूर्णपणे अंड्याच्या आतच उरकते. पातळ शेपटीतल्या रक्तवाहिन्या आत श्वसनाला मदत करतात. शेवटी पिल्लू तोंडावरच्या बारीकशा दाताने अंड्याचे आवरण फाडते आणि चार पायांचा पुरा बेडूक बाहेर येतो.

आपल्या सह्याद्रीतही असे बेडूक आहेत, हे तुम्हांला सांगितले पाहिजे. झुडपांवर राहणारे, ‘टिक टिक’ असा आवाज करणारे काही छोटे बेडूक आंबोलीपासून केरळपर्यंत आढळतात. त्यांचीही पिल्ले अंड्यातून थेट बेडूक होऊनच निघतात. कोकीशी त्यांचे जवळचे नाते नाही. दोन वेगळ्या घराण्यांनी, जगाच्या दोन टोकांना, ओल्या जंगलात राहून एकच उत्तर शोधून काढले.

जंगलाच्या हिशेबवहीत

एल युंकेच्या जंगलात कोकी किती आहेत? दीर्घकाळ केलेल्या मोजणीत एका हेक्टरला लहानमोठे मिळून सरासरी सुमारे २० हजार आढळले! एक हेक्टर म्हणजे अडीच एकर. हे सारे मिळून एका रात्रीत एक लाखाहून अधिक किडे, मुंग्या, झुरळे, कोळी फस्त करतात. उलट घुबडे, साप, पक्षी आणि मोठे कोळी कोकीला खातात. म्हणजे किड्यांच्या शरीरातले अन्न वरच्या पायरीवर पोचवणारा हा मोठा दुवा आहे. तो निखळला तर साखळीच्या दोन्ही बाजू ढिल्या पडतील.

वादळांना कोकी सरावलेला आहे. सप्टेंबर १९८९ मध्ये ह्यूगो या चक्रीवादळाने लुकीयोच्या झाडांची पाने झोडपून काढली. तरीही पुढच्या काळात मोठ्या कोकींची संख्या वाढलीच. पडलेल्या फांद्यापानांत दडायला जागा वाढली आणि शिकारी कमी झाले. एका दिवसाचा तडाखा त्याला सोसतो. सोसवत नाही ते सावकाश होणारे बदल.

शिळेची पट्टी चढू लागली

आता मघाचा नियम आठवा: लहान बेडूक, चढी पट्टी. डोंगरावर जसजसे वर जावे तसतशी हवा थंड होते, दर हजार मीटरला सुमारे ६ अंशांनी. आणि एल युंकेच्या पायथ्यापासून वर जाताना असे आढळते की खालचे कोकी लहान, त्यांची शीळ चढी आणि आखूड. वरचे कोकी मोठे, त्यांची शीळ खालच्या पट्टीची आणि लांब. नुसती शीळ ऐकून जाणकाराने उंचीचा अंदाज करावा! कानही उंचीनुसार जुळलेले असतात. वरच्या बेडकांचे कान वरच्या शिळेला, खालच्यांचे खालच्या.

नॅरिन्स यांनी डोंगर चढणाऱ्या रस्त्याच्या कडेने ठिकठिकाणच्या कोकींचे आवाज मुद्रित करून ठेवले होते. २३ वर्षांनी सेबास्तियान मीन्डरिंक यांच्यासह त्यांनी त्याच रस्त्याने पुन्हा मुद्रण केले. त्याचा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणतीही उंची घ्या, तेथली शीळ पूर्वीपेक्षा चढली होती आणि आखूड झाली होती. जी शीळ पूर्वी डोंगराच्या खालच्या टप्प्यावर ऐकू येई, ती आता वरच्या टप्प्यावर ऐकू येत होती. तापमानाच्या स्वतंत्र नोंदी तपासल्या तेव्हा या काळात तेथील हवा खरोखर तापल्याचे दिसले, आणि तीही शिळेतल्या बदलावरून अपेक्षित होती जवळजवळ तेवढीच. बेडूक जणू तापमापक झाला होता.

यात बिघडले काय, असे तुम्ही विचाराल. बेडूक लहान होत गेले तर एकूण बेडकांचे वजन घटते, म्हणजे घुबडासापांच्या ताटातले अन्न घटते. खालचे बेडूक वर सरकू शकतील. शिखरावरच्यांनी कोठे जावे? आणि लहान शरीर लवकर वाळते, हे आपण रुमालावरून पाहिलेच आहे. शिवाय काइट्रिड नावाची एक बुरशी बेडकांच्या कातडीला लागते. पाऊस लांबला की बेडूक उरल्यासुरल्या ओलाव्याच्या जागी गर्दी करतात आणि तेथे ती फैलावते. पात्रिसिया बुरोवेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले की कोरडे दिवस आणि ही बुरशी यांची युती प्वेर्तो रिकोच्या डोंगरांतल्या बेडकांना घातक ठरली आहे.

कोकीचे भाऊबंद प्वेर्तो रिकोत एकूण सतरा जातींचे. त्यांतल्या तीन जाती नामशेष झाल्या असाव्यात. सोनेरी कोकी हा त्यांपैकी एक. तो झाडांवरच्या अननसवर्गी रोपांच्या पानांत साठलेल्या ओलाव्यात राही आणि त्याची मादी अंडी न घालता पिल्लांनाच जन्म देई. १९७६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन केले आणि १९८१ नंतर तो कोणाला दिसलेला नाही. ओळख झाली न झाली तोच निरोप!

घराबाहेरचा कोकी

आपल्या साध्या कोकीची एक उलटी गोष्टही आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कुंड्यांतल्या रोपांबरोबर तो प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर पोचला. हवाईत मुळात एकही बेडूक नव्हता. ओलावा भरपूर, त्याला खाणारे साप नाहीत. कोकी बेसुमार वाढला. काही ठिकाणी त्यांची दाटी प्वेर्तो रिकोपेक्षाही जास्त झाली. तेथल्या लोकांना रात्री झोप येईना, तेथल्या दुर्मीळ किड्यांना नवा शत्रू मिळाला आणि सरकारला सायट्रिक आम्लाचे फवारे मारून त्याला आवरावे लागले. प्वेर्तो रिकोचे माणूस परदेशी गेले की याच शिळेची आठवण काढते. स्वतःची ओळख सांगताना “आम्ही कोकीसारखे इथलेच” असे म्हणते. आवाज तोच, डेसिबल तेच. एका बेटावर अंगाई, दुसऱ्यावर उपद्रव. रोपाची कुंडी एका देशातून दुसऱ्या देशात नेताना तपासणी का करतात, ते यावरून कळेल.

येत्या पावसाळ्यात आपल्या गावचे बेडूक ऐका. पहिला पाऊस कोणत्या तारखेला पडला, बेडूक कोणत्या रात्री बोलू लागले, त्या वेळी तापमापकावर किती अंश होते, आवाज किती प्रकारचे होते, हे एका वहीत लिहून ठेवा. बेडकाला हात लावण्याची गरज नाही. एका वर्षाच्या नोंदीतून फारसे काही कळणार नाही. पण वही जपून ठेवा आणि दर वर्षी तिच्यात भर घाला. नॅरिन्स यांच्याकडे जुन्या फिती होत्या म्हणूनच २३ वर्षांनी शीळ चढल्याचे जगाला कळले. आपल्या डबक्यातला ‘डराव’ बदलला की नाही, हे सांगायलाही कोणीतरी आधी तो नोंदवून ठेवलेला असला पाहिजे.